ड्रिलवर दुखापत झाली? आधी एलओडी, मग उपचार, मग पगार

रविवारी दुपारी रक मार्चच्या (पाठीवर जड सामान घेऊन चालण्याच्या) शेवटच्या मैलात गुडघा वळतो. पाच वाजता फॉर्मेशन सुटते, सगळे घराकडे निघतात, तुम्हीही लंगडत गाडीत बसता. सोमवारी ऑफिस असतंच. बुधवारपर्यंत सूज उतरत नाही म्हणून ऑफिसच्या विम्यावर डॉक्टर गाठता. ते विचारतात, "कसं झालं?" तुम्ही म्हणता, "असंच, व्यायाम करताना." महिनाभराने लिगामेंट फाटल्याचा रिपोर्ट आणि एमआरआयचं बिल घेऊन युनिटमध्ये जाता, तेव्हा त्या रविवारी तुम्हाला काही झालं होतं हे तिथे कुणाच्याही कागदावर नसतं.

अमेरिकेच्या रिझर्व्हमध्ये किंवा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे अर्धवेळ सैन्यात, असलेल्यांकडून ही चूक पुन्हा पुन्हा होते. पूर्णवेळ सैनिकाला दुखापत झाली तर त्याचा पगार चालूच राहतो आणि दवाखाना तळावरच असतो. तुमचं तसं नाही. ड्रिल, म्हणजे दर महिन्याचं प्रशिक्षण, संपली की ड्यूटी संपते, आणि त्यानंतर दुखापत ड्यूटीतली होती हे कागदानेच दाखवावं लागतं. तो कागद म्हणजे लाइन ऑफ ड्यूटी, अर्थात एलओडी. उपचार, पगार, मेडिकल बोर्ड, व्हीएची (माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची) भरपाई या चारही गोष्टी त्या एका कागदावर उभ्या राहतात. बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी पगाराची चौकशी, मग उपचार, आणि एलओडीची आठवण सगळ्यात शेवटी.

खाली दिलेले फॉर्मचे क्रमांक आर्मी रिझर्व्ह आणि आर्मी नॅशनल गार्डचे आहेत. इतर दलांत फॉर्म वेगळे असतात (हवाई दलात एलओडीसाठी फॉर्म ३४८), पण कामाचा क्रम सगळीकडे हाच.

## तयारी: दुखापत होण्याआधी घरात काय असावं

हा भाग वाचून सोडून देऊ नका. अर्धा तास लागतो.

एक फोल्डर करा, कागदी किंवा फोनमधलं. त्यात चालू आदेशांच्या प्रती ठेवा. दोन आठवड्यांच्या वार्षिक प्रशिक्षणासाठी डीडी २१४ (सक्रिय सेवेचा दाखला) मिळत नाही, त्यामुळे "त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो" याचा पुरावा म्हणजे आदेशाची प्रतच. महिन्याच्या ड्रिलला स्वतंत्र आदेश नसतो. तिथे हजेरीचा कागद आणि पगाराची नोंद कामी येते, म्हणून साइन-इन न करता थेट कामाला लागण्याची सवय मोडा.

त्याच फोल्डरमध्ये मागच्या दोन वर्षांची करविवरणपत्रं आणि नोकरीच्या अलीकडच्या पे-स्लिप ठेवा. पगाराचा दावा करायची वेळ आली तर हे लागणारच, आणि स्वतःचा धंदा असेल तर जास्तच.

दरवर्षीच्या आरोग्य तपासणीत, म्हणजे पीएचएमध्ये, खरं सांगा. जुनी पाठदुखी लपवून काही मिळत नाही. उलट "मागच्या वर्षी पाठ ठीक होती, दुखणं या प्रशिक्षणानंतर वाढलं" हे दाखवायला तीच नोंद उपयोगी पडते. डीअर्समधला (सैनिकांच्या नोंदणी प्रणालीतला) पत्ता आणि फोन बरोबर आहे का तेही बघा. जुन्या पत्त्यावर गेलेल्या पत्राने लोकांची मुदत हुकलेली आहे.

## टप्पा १: जागेवरच सांगा, घरी गेल्यावर नाही

दुखापत गंभीर असेल तर कागदाचा विचार करू नका. जवळच्या इमर्जन्सीमध्ये जा. तातडीच्या उपचाराला आधी मंजुरी लागत नाही. तिथे सांगा की मी सैनिकी ड्यूटीवर होतो, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी युनिटला कळवा.

दुखापत किरकोळ वाटली तर मात्र खरी अडचण सुरू होते. "उद्या बरं होईल" म्हणून गप्प राहणारे बहुतेक याच गटातले. घरी निघण्याआधी तीन गोष्टी करा:

१. युनिटच्या मेडिककडे किंवा दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. आजारपणाची चिठ्ठी, डीडी फॉर्म ६८९, भरून तिची प्रत घ्या.

२. तुमच्या थेट वरिष्ठाला सांगा, आणि नंतर तेच ईमेलने पाठवा. मेसेज चालेल, पण ईमेल बरा. तारीख आणि वेळ आपोआप राहते. दोन वाक्यं पुरतात: "आज दुपारी अडीचच्या सुमारास रक मार्चमध्ये खड्ड्यात पाय जाऊन माझा उजवा गुडघा वळला. मेडिकने तपासलं आहे."

३. ज्याने पाहिलं त्याचा लेखी जबाब घ्या, डीए फॉर्म २८२३ वर. दोन महिन्यांनी तो सैनिक दुसऱ्या युनिटमध्ये गेलेला असतो, आणि मग त्याला शोधत बसावं लागतं.

उजवा की डावा हे प्रत्येक कागदावर लिहा. एका कागदावर "गुडघा", दुसऱ्यावर "डावा गुडघा" आणि तिसऱ्यावर "उजवा पाय" असेल तर फाइल परत येते.

ड्यूटी म्हणजे फक्त मैदान, असं समजू नका. ड्रिलच्या जागी थेट जाताना किंवा तिथून थेट घरी येताना झालेला अपघातही संरक्षणात येतो. ड्रिलच्या आधीच्या रात्री किंवा दोन दिवसांच्या मधल्या रात्री ड्रिलच्या जागी किंवा जवळ मुक्काम असेल तर तोही येतो. "थेट" हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे. वाटेत शंभर मैल वळसा घालून मित्राकडे गेलात तर प्रश्न विचारले जातील.

सावधान: आजार किंवा दुखापत कशी सुरू झाली, कशी वाढली याबद्दलच्या निवेदनावर सही करण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. अशी सही झालीच आणि निवेदन तुमच्या हिताविरुद्ध असेल, तर ते कायद्याने अवैध ठरतं. हे १० यूएस कोडच्या कलम १२१९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. घाईत पुढे केलेल्या "मला हा त्रास आधीपासून होता" अशा मजकुरावर सही करू नका.

डॉक्टरांशी बोलतानाही काळजी घ्या. डॉक्टर जे लिहितात तेच पुढे पुरावा होतं. "असंच दुखतंय" म्हटलं तर नोंदीत "कारण अज्ञात" येतं. काय करत होता, केव्हा, कसं झालं आणि त्याआधी काय स्थिती होती, हे स्वतःहून सांगा. खोटं काही घालू नका, पण खरं अर्धवटही सांगू नका.

## टप्पा २: एलओडी

आर्मीत एलओडीचा मूळ फॉर्म डीए २१७३. वैद्यकीय भाग डॉक्टर किंवा दवाखाना भरतो, उरलेला भाग युनिट कमांडर. तो संगणक प्रणालीतून वर जातो, त्यामुळे "मी फॉर्म भरून दिला" एवढ्याने काम होत नाही. तो प्रणालीत चढला का, कुणाकडे अडकला आहे, हे विचारत राहावं लागतं.

मुदत लक्षात ठेवा: ज्या ड्यूटीत दुखापत झाली ती संपल्यापासून १८० दिवसांच्या आत एलओडीची मागणी व्हायला हवी. सहा महिने फार वाटतात, पण ड्रिल महिन्यातून एकदाच असते. "पुढच्या ड्रिलला बघू" असं चार वेळा म्हटलं की चार महिने जातात.

साधी घटना असेल तर अनौपचारिक एलओडी पुरते. दारू किंवा अमली पदार्थांचा संशय, स्वतः करून घेतलेली इजा, विनापरवाना गैरहजेरी, किंवा परिस्थिती संशयास्पद असेल तर औपचारिक चौकशी होते. चौकशी अधिकारी नेमला जातो आणि वेळ बराच लागतो. औपचारिक म्हणजे तुम्ही दोषी, असं नाही. घाबरून मागणी मागे घेऊ नका.

आधीपासून काही त्रास असेल तर कमांडर किंवा डॉक्टर म्हणतात, "हे सेवेत येण्याआधीचं." हे पूर्ण उत्तर नाही. जुना त्रास सेवेमुळे वाढला असेल तरी निकाल "ड्यूटीत" असा येऊ शकतो. नेमकं काय बदललं ते दाखवावं लागतं: आधी धावता येत होतं, आता जिना चढता येत नाही, आधी औषध नव्हतं, आता आहे.

एक बारीक चूक जास्तीत जास्त लोकांना भोवते. पहिल्या दिवशी निदान होतं "गुडघ्याला लचक". एलओडी त्याच शब्दांत मंजूर होते. सहा आठवड्यांनी एमआरआयमध्ये मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) फाटलेला दिसतो आणि शस्त्रक्रिया ठरते. आता उपचाराची मंजुरी देणारे म्हणतात, एलओडी लचकेची आहे, फाटलेल्या मेनिस्कसची नाही. निदान बदललं की त्याच आठवड्यात युनिटला नवा रिपोर्ट द्या आणि एलओडीत तो जोडून घ्या.

निकाल विरुद्ध आला तर आर्मीत निकाल हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी अपील करता येतं. अपिलात फक्त नाराजी लिहू नका. नवा पुरावा जोडा: साक्षीदाराचा जबाब, डॉक्टरांचं मत, आधीच्या वर्षाची पीएचए. तेही हुकलं तर सैनिकी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे डीडी फॉर्म १४९ वर अर्ज करता येतो, पण ती लांबची वाट आहे.

पुढे जाण्याआधी तपासा: त्या दिवसाच्या ड्यूटीचा पुरावा, पहिल्या वैद्यकीय भेटीची नोंद, एलओडी प्रणालीत चढल्याची पोच आणि पुढच्या तपासणीची तारीख हे चारही तुमच्याकडे आहेत का? एखादं नसेल तर आज ईमेल करा.

## टप्पा ३: उपचार, पण मंजुरी घेऊन

एलओडी मंजूर असेल तर त्या दुखापतीच्या उपचाराचा खर्च तुमच्यावर पडत नाही. एलओडी अजून चालू असेल तर तात्पुरत्या एलओडीवरही उपचार सुरू करता येतात. म्हणून "निकाल लागेपर्यंत थांबा" असं कुणी सांगितलं तर तात्पुरत्या एलओडीबद्दल नाव घेऊन विचारा.

जवळ सैनिकी रुग्णालय असेल तर पहिली वाट तीच. लांब राहत असाल तर बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्याची मंजुरी डिफेन्स हेल्थ एजन्सीच्या ग्रेट लेक्स कार्यालयातून येते. मागणी युनिटमार्फत जाते आणि त्यासोबत एलओडी लागते. तातडीचा उपचार सोडला तर पुढच्या प्रत्येक प्रकाराला, म्हणजे एमआरआय, फिजिओथेरपी, तज्ज्ञाची भेट, शस्त्रक्रिया या सगळ्याला मंजुरी आधी हवी. एकदा मंजुरी मिळाली म्हणजे सगळ्याला मिळाली असं नाही.

मंजुरी फक्त एलओडीत लिहिलेल्या दुखापतीसाठी असते. गुडघ्याच्या फिजिओथेरपीत "खांद्याचंही बघा ना" म्हणालात तर खांद्याचं बिल घरी येईल.

स्वतःच्या विम्यावर जाऊ नका. तुम्ही पैसे भरून ट्रायकेअर या सैनिकी आरोग्य विम्याची रिझर्व्ह सिलेक्ट योजना घेतली असेल तरी एलओडीची दुखापत त्यात घुसवू नका. रिसेप्शनवर विमा कार्ड मागितलं की लोक सवयीने पाकिटातलं कार्ड देतात, मग बिल चुकीच्या वाटेने जातं आणि महिनोन्‌महिने ते सोडवत बसावं लागतं. मंजुरीचं पत्र हातात घेऊनच भेटीला जा.

तरीही बिल आलंच, वसुली कंपनीचा फोन आलाच, तर पैसे भरून मोकळे होऊ नका. ट्रायकेअरकडे अशा प्रकरणांसाठी वसुली मदत अधिकारी असतात. त्यांना बिल, एलओडी आणि मंजुरीपत्र द्या. क्रेडिट रेकॉर्ड बिघडण्याआधी हे करा.

घरच्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: एलओडीवरचे उपचार फक्त तुमच्यासाठी आहेत. बायकोमुलांचा किंवा नवऱ्याचा आरोग्य विमा त्यामुळे मिळत नाही. तो कसा मिळू शकतो ते पुढच्या टप्प्यात येईल.

प्रत्येक भेटीची नोंद महिन्याच्या शेवटी मागून घ्या. बाहेरच्या डॉक्टरची नोंद सैनिकी प्रणालीत आपोआप जात नाही. आणि ठरलेली भेट चुकवू नका. कारण नसताना दोन भेटी चुकल्या की "उपचारात सहकार्य नाही" असा शेरा येतो, आणि त्या शेऱ्यावर पगार थांबतो.

## टप्पा ४: पगाराचा मार्ग निवडा

इथे लोक गोंधळतात, कारण तीन वेगळ्या स्थिती आहेत आणि प्रत्येकाची दारं वेगळी.

पहिली स्थिती: तुम्ही अजून ३० दिवसांहून जास्त मुदतीच्या आदेशावर आहात. मग सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे घरी जाण्याच्या कागदावर घाईत सही न करणं. उपचार बाकी असतील तर संमती देऊन सक्रिय सेवेतच राहण्याची मागणी करता येते. आदेशाची शेवटची तारीख जवळ आली की सगळ्यांनाच घरची ओढ लागते, आणि आरोग्य प्रश्नावलीत भराभर "नाही, नाही, नाही" टिक होतं. ती टिक पुढे तुमच्याविरुद्ध वापरली जाते. एकदा आदेश संपला की परत सक्रिय सेवेत येण्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.

दुसरी स्थिती: मेडकॉन. ड्रिलमध्ये किंवा थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात दुखापत झाली आणि उपचार ३० दिवसांहून जास्त चालणार, तर तुम्हाला सक्रिय सेवेच्या आदेशावर घेता येतं. १० यूएस कोडच्या कलम १२३२२ मध्ये याची तरतूद आहे. मिळतं काय? पूर्ण पगार आणि भत्ते, साठणारी रजा, निवृत्तीचे पॉइंट, आणि कुटुंबाला ट्रायकेअर. बदल्यात तुम्ही पूर्णवेळ सैनिक असता. नागरी नोकरी त्या काळात करता येत नाही, आणि उपचार कुठे राहून घ्यायचे ते आदेशात ठरतं. गुंतागुंतीची, लांब चालणारी केस असेल तर सोल्जर रिकव्हरी युनिटमध्ये (बरे होत असलेल्या सैनिकांच्या खास युनिटमध्ये) पाठवलं जाऊ शकतं. निर्णय युनिट घेत नाही, वरून येतो.

तिसरी स्थिती: इनकॅप. तुम्ही सक्रिय आदेशावर नसता, घरीच असता, आणि बुडालेल्या कमाईची भरपाई मिळते. याचा आधार ३७ यूएस कोडचं कलम २०४. याचे दोन प्रकार आहेत, आणि दोघांचं गणित वेगळं.

पहिल्या प्रकारात (टियर १) तुम्ही सैनिकी काम करण्यास असमर्थ आहात. मग पूर्ण सैनिकी पगार आणि भत्ते मिळतात, त्यातून त्या महिन्यात नागरी नोकरीतून किंवा धंद्यातून मिळालेली कमाई वजा होते. नागरी नोकरी नसली, विद्यार्थी असलात, तरी हा प्रकार लागू होतो.

दुसऱ्या प्रकारात (टियर २) तुम्ही सैनिकी काम करू शकता, पण दुखापतीमुळे नागरी कमाई बुडाली आहे. मग बुडालेली रक्कम मिळते, पण जास्तीत जास्त पूर्ण सैनिकी पगार आणि भत्त्यांइतकीच. नागरी नोकरी नसेल तर इथे काही मिळत नाही, कारण बुडालंच काही नाही.

आकड्यांत बघू. समजा, तुमच्या हुद्द्याचा महिन्याचा पूर्ण पगार आणि भत्ते ४,५०० डॉलर होतात आणि नोकरीत तुम्ही ६,००० कमावता. टियर १ मध्ये आहात आणि अर्धवेळ काम करून १,५०० मिळवले, तर हातात येतील ३,०००. टियर २ मध्ये आहात आणि २,००० बुडाले, तर २,००० मिळतील. पूर्ण ६,००० बुडाले तरी मर्यादा ४,५०० ची.

भत्त्यात फक्त जेवणाचा नाही, घरभाडंही धरलं जातं. दावा भरताना बऱ्याच जणांकडून घरभाड्याचा आकडा राहून जातो.

मेडकॉन की इनकॅप? माझं मत असं: उपचार लांबणार असतील, शस्त्रक्रिया असेल, कुटुंबाला आरोग्य विमा नसेल, तर मेडकॉनची मागणी आधी करा. नोकरी चांगली आहे, पाय प्लास्टरमध्ये असला तरी बसून काम जमतं, आणि घर सोडायचं नाही, तर इनकॅप बरी. दोन्ही एकाच काळासाठी मिळत नाहीत. मेडकॉनचा निर्णय यायला वेळ लागतो, म्हणून मधल्या काळासाठी इनकॅपची मागणी टाकून ठेवणं शहाणपणाचं.

सावधान: गंभीर निष्काळजीपणा किंवा गैरवर्तनामुळे दुखापत झाली असं ठरलं तर इनकॅप मिळत नाही. म्हणूनच एलओडीच्या निकालात "गैरवर्तन" हा शब्द येऊ देऊ नका, आणि आला तर अपील सोडू नका.

## टप्पा ५: इनकॅपचा दरमहाचा दावा

इनकॅप एकदा मंजूर होऊन दर महिन्याला आपोआप येत नाही. प्रत्येक महिन्याचा दावा वेगळा. आर्मीत डीए ७५७४ हा मासिक दाव्याचा फॉर्म, ७५७४-१ हा सैनिकी डॉक्टरांचा तुमच्या असमर्थतेबद्दलचा दाखला, आणि ७५७४-२ म्हणजे तुम्हाला इनकॅपचे नियम समजावून सांगितल्याची पोच. हवाई दलात दाव्याचा फॉर्म १९७१. यांच्यासोबत एलओडी, तुमची चालू प्रोफाइल (कुठलं सैनिकी काम करता येत नाही याची वैद्यकीय नोंद) आणि कमाईचा पुरावा.

यातलं डॉक्टरांचं पान सगळ्यात अडतं. बाहेरच्या डॉक्टरने "चार आठवडे विश्रांती" लिहून दिलं तरी सैनिकी काम करता येतं की नाही हे सैनिकी डॉक्टरच ठरवतात. बाहेरची नोंद त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणं तुमचं काम. प्रोफाइलची मुदत संपू देऊ नका. मुदत संपलेली प्रोफाइल म्हणजे कागदोपत्री तुम्ही ठणठणीत.

कमाईच्या बाजूने या चुका वारंवार दिसतात:

नोकरीतली आजारपणाची रजा किंवा वार्षिक रजा वापरली आणि तिचा पगार घेतला, तर तो कमाईत धरला जातो आणि दाव्यातून वजा होतो. म्हणजे रजाही गेली आणि इनकॅपही कमी झाली. रजा वापरायची की नाही हा निर्णय तुमचा, पण आधी गणित करून घ्या.

नियोक्त्याचं पत्र मोघम असतं. "हे आमच्याकडे काम करतात आणि सध्या रजेवर आहेत" याने काही होत नाही. कुठल्या तारखेपासून काम नाही, ताशी किंवा महिन्याचा दर किती, या महिन्यात किती तास बुडाले, काही पैसे दिले का, हे चार मुद्दे लेटरहेडवर हवेत. मसुदा तुम्हीच करून एचआरला द्या, वेळ वाचतो.

स्वतःचा धंदा असेल तर "मी काम करू शकलो नाही" पुरत नाही. मागच्या वर्षांची करविवरणपत्रं, या महिन्याचा जमाखर्च, नाकारलेली कामं, बदली माणसाला दिलेले पैसे दाखवा.

आणि ड्रिल. सैनिकी काम करता येत नाही म्हणून पगार घेता, आणि त्याच दिवसाचा ड्रिलचा पगारही घेतलात, तर वसुली निघते. टियर १ मध्ये असताना ड्रिलला बोलावलं तर पगार आणि पॉइंटचं काय ते जाण्याआधी लेखी विचारून घ्या.

पहिले सहा महिने दावा सहसा याच क्रमाने चालतो. त्यापुढे वाढ हवी असेल तर वरच्या पातळीची वेगळी मंजुरी लागते. म्हणून पाचव्या महिन्यातच वाढीची फाइल तयार ठेवा. सहावा महिना संपल्यावर जागे झालात तर मधले महिने पगाराविना जातात.

तपासा: या महिन्याचा दावा कुणाला पाठवला, कुठल्या तारखेला, त्यांनी पुढे कधी पाठवला. तीन तारखा लिहून ठेवा. उत्तर आलं नाही तर दर आठवड्याला नम्रपणे विचारा. प्रशासन बघणारे सार्जंट वाईट नसतात. त्यांच्याकडे इनकॅपची फाइल वर्षात एखादीच येते, त्यामुळे ते पायऱ्या विसरतात.

### नागरी नोकरी टिकवताना

सेवेवरून परतल्यावर कामावर रुजू होण्याच्या मुदती यूसेरा या सैनिकांची नागरी नोकरी राखणाऱ्या कायद्यात ठरलेल्या आहेत. ३१ ते १८० दिवसांच्या सेवेनंतर १४ दिवसांत अर्ज, १८० दिवसांहून जास्त असेल तर ९० दिवसांत. ३० दिवसांपर्यंतची सेवा असेल तर घरी पोचून आठ तास विश्रांती झाल्यावर जी पहिली पूर्ण पाळी येईल तिला हजर. सेवेत झालेल्या दुखापतीतून बरं व्हायचं असेल तर ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. नियोक्त्याला हे तोंडी नको, लेखी कळवा.

## टप्पा ६: बरं झालं नाही तर मेडिकल बोर्ड

उपचार करूनही सेवेच्या निकषात बसत नाही असं डॉक्टरांनी ठरवलं की केस मेडिकल इव्हॅल्युएशन बोर्डाकडे आणि तिथून फिजिकल इव्हॅल्युएशन बोर्डाकडे जाते. ३० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर वैद्यकीय निवृत्ती, त्याखाली असेल तर साधारणपणे एकरकमी सेव्हरन्स.

इथेच एलओडीची खरी किंमत कळते. एलओडी नसेल तर केस "ड्यूटीशी संबंध नसलेली" म्हणून जाते. तो बोर्ड फक्त एवढंच बघतो की तुम्ही सेवेसाठी लायक आहात की नाही. नाही ठरलात तर सेवा संपते आणि अपंगत्वाचा पैसा काहीच मिळत नाही. बोर्डाचं पत्र आलं आणि एलओडी फाइलमध्ये दिसत नसेल, तर इतर सगळं बाजूला ठेवून आधी ती शोधा. बोर्डासमोर सैनिकांच्या बाजूने काम करणारे वकील मोफत मिळतात. पहिल्याच पत्रानंतर त्यांना फोन करा, सुनावणीच्या आदल्या दिवशी नाही.

## टप्पा ७: व्हीएचा दावा

"मी कधी परदेशात तैनात नव्हतो, मग व्हीएचं काय?" हा प्रश्न फार येतो. तैनातीची अट नाही. ड्रिलमध्ये ड्यूटीत झालेली दुखापत असेल आणि तिने कायमचा त्रास राहिला असेल तर व्हीएची भरपाई मागता येते. ड्रिलच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवा: दुखापत धरली जाते, आजार सहसा नाही. अपवाद हृदयविकाराचा झटका, हृदय बंद पडणं आणि पक्षाघात. वार्षिक प्रशिक्षणासारख्या सक्रिय प्रशिक्षणात मात्र आजारही धरला जातो. म्हणून त्या दिवशी तुमची ड्यूटी कुठल्या प्रकारची होती ते कागदावर नेमकं हवं.

आधी "दावा करण्याचा इरादा" नोंदवा, फॉर्म २१-०९६६. त्यानंतर पूर्ण दाव्यासाठी एक वर्ष मिळतं आणि मंजूर झाल्यास पैसा सहसा इरादा नोंदवल्याच्या तारखेपासून धरला जातो. मूळ दावा फॉर्म २१-५२६ईझेड. सोबत एलओडी, ड्यूटीचा पुरावा, बाहेरच्या उपचारांच्या नोंदी.

मोठी शारीरिक इजा असेल, म्हणजे अवयव गमावणं, गंभीर भाजणं, दृष्टी जाणं, सलग १५ दिवस रुग्णालयात भरती राहणं, तर एसजीएलआय या सैनिकांच्या आयुर्विम्यासोबतची टीएसजीएलआय (गंभीर इजेची भरपाई) हीही बघा. ती २५,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत मिळते, ड्यूटीवर नसताना झालेल्या अपघातालाही लागू असते, आणि अनेकांना ती आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं. फॉर्म एसजीएलव्ही ८६००.

व्हीएची भरपाई सुरू झाली आणि तुम्ही अजून ड्रिल करत असाल तर एकाच दिवसाचे दोन्ही पैसे ठेवता येत नाहीत. दरवर्षी फॉर्म २१-८९५१ येतो, त्यात कुठला पैसा सोडायचा ते लिहायचं असतं. बहुतेक जण ड्रिलच्या दिवसांची व्हीए रक्कम सोडतात, कारण ड्रिलचा दिवसाचा पगार सहसा जास्त असतो. हा फॉर्म आल्या दिवशीच भरून पाठवा. टेबलावर पडून राहिला की पुढच्या वर्षी थकबाकी वसुलीचं पत्र येतं, आणि ते पैसे तोवर खर्च झालेले असतात.